प्लास्टिक, पण कुठलं? पॉलिमरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भांडुपला एका इंजेक्शन मोल्डिंगच्या गाळ्यात, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक साच्यात दाबून वस्तू बनवतात तिथे, मी क्वालिटी बघते, दिवसभर प्लास्टिकचा कच्चा दाणा, मोल्ड आणि मशीन एवढंच. घरी आले की बिल्डिंगमधल्या काकू, नातेवाईक, मुलीच्या शाळेतल्या इतर आया सगळ्यांचे तेच तेच प्रश्न असतात, की ताई हा डबा चालेल का, ही बाटली किती दिवस वापरायची, हे भंगारवाला घेईल का. आणि माझा उलटा प्रश्न ठरलेला, कुठलं प्लास्टिक? कारण नुसतं प्लास्टिक म्हणणं म्हणजे वाण्याकडून धान्य आणा असं सांगण्यासारखं आहे, तांदूळ की ज्वारी की मूग ते कळल्याशिवाय पुढचं काही सांगताच येत नाही. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय.

पॉलिमर म्हणजे काय? पॉलिमर आणि प्लास्टिक एकच का?

गजरा बघा. एक फूल, त्याला लागून दुसरं, मग तिसरं, अशी हजारो फुलं एका दोऱ्यात. इथे फूल म्हणजे छोटा रेणू, त्याला मोनोमर म्हणतात, आणि अख्खा गजरा म्हणजे पॉलिमर, फक्त दोरा वेगळा नसतो, फुलंच एकमेकांचे हात धरून असतात. ग्रीकमध्ये पॉली म्हणजे अनेक आणि मेरोस म्हणजे भाग. सगळी प्लास्टिकं पॉलिमर असतात पण सगळे पॉलिमर प्लास्टिक नसतात, कापूस, भातातला स्टार्च, रेशीम, लोकर, आपले केस, झाडातून येणारा रबराचा चीक, डीएनए हे सगळे पॉलिमरच.

साखळीची लांबी वाढली की काय होतं ते बघायचं तर मेणबत्ती आणि दुधाची पिशवी शेजारी ठेवा. दोन्हीत कार्बन आणि हायड्रोजनच, जोडणीही जवळजवळ तीच. मेणात एका साखळीत साधारण वीस ते चाळीस कार्बन असतात, पिशवीत हजारो. आखूड शेवया चमच्याने सहज सुट्या होतात आणि लांब शेवया एकमेकींत गुंतून बसतात ना, तसंच. म्हणून मेण नखाने खरवडता येतं आणि पिशवी ताणली तरी लवकर तुटत नाही. एवढे लांब रेणू असू शकतात हे हरमन स्टाउडिंगर यांनी १९२० साली मांडलं तेव्हा त्यांच्या बरोबरीच्या केमिस्ट लोकांना ते पटलंच नव्हतं, नोबेल मिळालं १९५३ ला. मला हा माणूस फार आवडतो.

काही प्लास्टिक गरम केल्यावर वितळतं आणि काही जळतं पण वितळत नाही, असं का?

तूप आणि भाकरी. तूप कितीही वेळा पातळ करा, परत थिजतं. भाकरी एकदा भाजली की तिचं परत पीठ होत नाही. तुपासारखं वागतं ते थर्मोप्लास्टिक, म्हणजे बादल्या, बाटल्या, पिशव्या, पाइप. भाकरीसारखं ते थर्मोसेट, त्यात साखळ्या एकमेकींना आडव्या-उभ्या कायमच्या बांधल्या जातात. लिओ बेकलंड यांनी १९०७ मध्ये केलेलं बॅकेलाइट हे पहिलं पूर्णपणे माणसाने बनवलेलं प्लास्टिक, आणि ते थर्मोसेट. जुन्या चाळींमध्ये ते काळे गोल खटक्याचे स्विच असायचे ते हेच. कुकरची मूठ आजही याच जातीची असते, गॅसजवळ राहूनही ओघळत नाही. मेलामाईनच्या डिशही याच घरातल्या, त्या मायक्रोवेव्हमध्ये घालू नका.

घरी हे होताना बघायचं असेल तर एमसीलचे दोन गोळे मळा. नळ गळतो तेव्हा आपण करतोच. मळताना बोटांना ऊब जाणवते, ती साखळ्या बांधल्या जातानाची उष्णता. तासाभरात दगड होतो आणि मग कितीही तापवा, परत वितळणार नाही.

डब्याखालच्या त्रिकोणातल्या आकड्यांचा अर्थ काय?

हे आकडे १९८८ मध्ये अमेरिकेत ठरले आणि आकडा म्हणजे फक्त प्लास्टिकचं नाव आहे. आकडा जितका मोठा तितकं चांगलं असं अजिबात नाही, आणि त्रिकोण दिसला म्हणजे ते नक्की रिसायकल होणार असंही नाही. १ म्हणजे पेट, पाण्याच्या आणि कोल्ड्रिंकच्या बाटल्या. २ म्हणजे एचडी, हाय डेन्सिटी पॉलिथिन, शाम्पूच्या दुधाळ रंगाच्या बाटल्या, तेलाचे कॅन, फिनाईलचे डबे. ३ पीव्हीसी, पाइप, वायरीवरचं आवरण, रेनकोट. ४ एलडी, म्हणजे लो डेन्सिटी पॉलिथिन, मऊ पिशव्या. ५ म्हणजे पीपी, पॉलिप्रॉपिलीन, जेवणाचे डबे, पार्सलचे काळे कंटेनर, मोल्डेड खुर्च्या, आणि दुकानात "कापडी" म्हणून देतात ना ती जाळीदार छापाची पिशवी, ती बहुतेक वेळा कापडी नसतेच, पीपीचीच असते. ६ पॉलिस्टायरिन, म्हणजे थर्माकोल आणि ते कडक पटकन मोडणारे पारदर्शक कप. ७ म्हणजे बाकीचे सगळे एकत्र, त्यात पॉलिकार्बोनेट पण आलं, म्हणजे वीस लिटरचे जुने निळसर कडक जार. पॉलिकार्बोनेटमधून बीपीए नावाचं रसायन थोडं थोडं सुटू शकतं म्हणून युरोपने २०११ मध्ये बाळांच्या दुधाच्या बाटल्यांत ते बंद केलं. बाळासाठी बाटली घेताना ५ बघून घ्या, किंवा सरळ काच.

एलडी आणि एचडी दोन्ही पॉलिथिनच, मग फरक कसला?

फांद्यांचा. बाभळीचं सरपण रचून बघा, फांद्या आडव्या येतात, ढीग पोकळ राहतो. बांबूची मोळी घट्ट बसते. एलडीच्या साखळ्यांना फांद्या असतात म्हणून ती मऊ, लवचिक. एचडीच्या साखळ्या सरळसोट म्हणून ती कडक आणि जास्त उष्णता सोसणारी, एलडी ११० अंशांच्या आसपास वितळते आणि एचडी १३० च्या. हातात घेऊनही कळतं, दुधाची पिशवी गप्प असते आणि भाजीवाल्याकडची पातळ पिशवी कुरकुर वाजते, ती एचडीच्याच घरातली, धंद्यात तिला एचएम म्हणतात.

एलडी सापडली ती अपघाताने, १९३३ मध्ये इंग्लंडमधल्या आयसीआय कंपनीच्या लॅबमध्ये, प्रयोग वेगळाच चालला होता आणि भांड्यात पांढरं मेणचट काहीतरी उरलं. सरळ साखळीची एचडी जर्मनीत कार्ल झीगलर यांनी १९५३ मध्ये केली. आणि आपल्यासाठी सगळ्यात जवळची गोष्ट म्हणजे समुद्रातल्या बॉम्बे हाय तेलक्षेत्राच्या गॅसमधून निघणारा इथेन वापरून नागोठण्याला पॉलिथिन बनतं. गोवा हायवेने गावी जाताना ते धुराडं दिसतं, मुलांना दाखवा.

पाण्याच्या विकतच्या बाटलीत गरम पाणी भरलं तर चालेल?

नको. पेट साधारण ७०-८० अंशांना मऊ पडायला लागतं, बाटली आक्रसते, कुबड काढते. गार पाणी भरून थोडे दिवस वापरली तर आभाळ कोसळत नाही, पण तोंडाशी घासून स्वच्छ होत नाही ही खरी अडचण, पंधरा दिवसांनी वास यायला लागतो.

मायक्रोवेव्ह आणि फ्रीझरला कुठला डबा?

मायक्रोवेव्हला ५ नंबर, तोही झाकण सैल ठेवून. पीपी १६० अंशांच्या आसपास वितळतं त्यामुळे पाण्याचा पदार्थ चालतो, पण रश्श्यावरचा तेलाचा तवंग पाण्यापेक्षा बराच जास्त तापतो आणि डब्याच्या कडेला त्या रेषेवर खरखरीत चट्टा पडतो. तो चट्टा दिसला की डबा कोरड्या वस्तूंना द्या. हळदीचा पिवळा डाग मात्र वेगळा, हळदीचा रंग तेलातून प्लास्टिकमध्ये शिरतो आणि घासून जात नाही, दोन तास उन्हात ठेवा, ऊन तो रंग मोडतं.

फ्रीझरला तोच पीपीचा डबा धोका देतो. शून्याच्या जरा खाली गेलं की पीपीच्या साखळ्या अवघडून बसतात, घरातला फ्रीझर उणे १८ असतो, हातातून निसटला की डबा काचेसारखा फुटतो. कोलंबी, मटार ठेवायला मऊ झाकणाचा पॉलिथिनचा डबा घ्या, पॉलिथिन उणे शंभरच्या आसपासपर्यंत चिवट राहतं. गाळ्यातले लोक हाताने वाकवूनच सांगतात, तुम्हीही झाकण वाकवून बघा.

बाल्कनीतली खुर्ची दोन वर्षांत पांढरट होऊन मोडते, गच्चीवरची टाकी मात्र वर्षानुवर्षं टिकते, कसं काय?

ऊन साखळ्या तोडतं. अतिनील किरणांनी वरचा थर चुरा होतो, बोट फिरवलं तर पावडर लागते, मग तडा. टाकीच्या पॉलिथिनमध्ये काजळी मिसळलेली असते, म्हणजे कार्बन ब्लॅक, ती ऊन स्वतः शोषून घेते, शिवाय उजेड आत जात नाही म्हणून शेवाळं धरत नाही. टाकी काळी असते ती त्यामुळे. खुर्ची घेताना "यूव्ही आहे का" विचारा, नसेल तर सावलीत ठेवा.

जपून ठेवलेल्या बुटांचा सोल एकदम चुरा का होतो?

या प्रश्नाचं उत्तर मी जरा मोठं देणार आहे कारण मुंबईत हे घरोघरी होतं आणि प्रत्येकाला वाटतं आपल्यालाच फसवलं.

माझ्या बाबांनी एक चांगला बूट घेतला होता, लग्नाकार्याला घालायचा म्हणून. दोन वेळा घातला असेल, बाकी चार वर्षं कपाटात, खोक्यात, वर्तमानपत्र भरून. भावाच्या लग्नाला निघालो आणि दादरच्या पुलावर त्यांना वाटलं पायाला काहीतरी चिकटलं. वाकून बघितलं तर टाच निघाली होती, आणि निघाली म्हणजे उकलली नव्हती, ओल्या बिस्किटासारखी भुगा झाली होती, बोटाने दाबलं की दाणे पडत होते. बाबा दुकानदाराला बोल लावत राहिले. मी तो भुगा रुमालात बांधून घेतला आणि सोमवारी गाळ्यात घेऊन गेले.

तो सोल पॉलियुरेथेनचा होता, पीयू. हलका, मऊ, चालायला सुखाचा म्हणून बुटांत फार वापरतात. पण स्वस्तातल्या बऱ्याच पीयूमध्ये साखळीचे सांधे एस्टर जातीचे असतात, आणि एस्टरचा सांधा पाण्याने सुटतो. पाण्यात बुडवावं लागत नाही, हवेतली वाफ पुरते. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा ओलीचिंब, बाकीचे महिनेही काही फार कोरडे नाहीत. बंद खोक्यात तोच दमटपणा कोंडून राहतो, सांधे एकेक करून सुटत जातात आणि बाहेरून काहीही दिसत नाही, मग एक दिवस वजन पडतं आणि सगळं एकदम सुटतं. रेक्झिनचा सोफा, पर्स, बेल्ट यांची साल निघते तेही बरेचदा हेच.

उपाय एवढाच की पीयूचे बूट ठेवून देऊ नका, घाला. ठेवायचेच तर खोक्याबाहेर, हवेशीर, सिलिका जेलची पुडी टाकून, त्याने वेग कमी होतो, थांबत नाही. वर्षातून दोनदाच घालायचं असेल तर रबर किंवा पीव्हीसीचा सोल घ्या, जड असतो पण असा भुगा होत नाही. दुकानात "सोल कशाचा" एवढं विचारायला लाजू नका.

आणि रेनकोट चिकट का होतो?

पीव्हीसी मुळात कडक, पाइपासारखं. त्याला मऊ करायला तेलासारखं प्लास्टिसायझर घालतात, वाल्डो सेमन यांनी १९२६ मध्ये हे शोधलं. ते तेल साखळीला बांधलेलं नसतं, हळूहळू वर येतं, म्हणून घडी घातलेला रेनकोट पुढच्या जूनमध्ये स्वतःलाच चिकटलेला सापडतो, आणि तेल गेलं की तो कडक होऊन घडीवर फाटतो. धुवून, सावलीत सुकवून, टाल्कम पावडर लावून हँगरला टांगा, घडी नको.

कॉटन, टेरीकॉट, सिल्क, हे कसं ओळखायचं?

टेरीकॉट म्हणजे टेरिलिन आणि कॉटनचं मिश्रण. टेरिलिन, म्हणजे पॉलिस्टरचा धागा, आणि पाण्याची बाटली ही एकाच पॉलिमरची दोन रूपं आहेत, १९४१ मध्ये इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी तो केला. म्हणूनच बाटल्या गोळा करून त्यांचा धागा आणि उशांमधला फायबरचा कापूस बनतो. खरा कापूस हवेतलं पाणी स्वतःच्या वजनाच्या सात-आठ टक्के धरतो, पॉलिस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. सकाळी ८:४० च्या फास्ट लोकलला शर्ट अंगाला चिकटतो तो त्यामुळे, आणि पावसाळ्यात तोच पॉलिस्टर रात्रीत वाळतो तोही त्यामुळेच.

ओळखायचं तर पदराच्या आतून एक धागा काढा आणि चिमट्यात धरून पेटवा. कापूस कागदासारखा जळतो, राख हलकी. रेशीम प्रोटीन आहे, केस जळल्याचा वास येतो आणि राख चुरगळते. पॉलिस्टर आक्रसतं, वितळतं आणि काळा कडक मणी उरतो. माझ्या मावशीच्या "प्युअर" पैठणीचा मणी झाला, ती दोन दिवस जेवली नाही नीट.

नायलॉन कुठे कुठे असतं?

टूथब्रशच्या केसांत १९३८ पासून, छत्रीच्या कापडात, गिअरमध्ये, दोरात, आणि आपल्या कोळीवाड्यांत. वरळीला, वर्सोव्याला जाळी विणताना बघा, तो पारदर्शक धागा म्हणजे तंगूस, तो नायलॉनचा, समुद्राच्या पाण्यापेक्षा जड म्हणून बुडतो आणि माशाला दिसत नाही. डोल जाळ्याचं सूत बहुतेक एचडीचं असतं, ते पाण्यावर तरंगतं. पूर्वी सुती जाळी असायची, ती सुकवावी लागायची, कुजायची. आता कुजत नाही हीच अडचण, तुटलेलं जाळं समुद्रात राहून मासे मारत राहतं.

नायलॉनलाही पाणी आवडतं. पावसाळ्यात आम्ही नायलॉनचा दाणा ८० अंशांवर चार तास सुकवल्याशिवाय मशीनला घालत नाही, घातला तर पार्टवर चांदीसारखे फराटे उठतात, "सिल्व्हर आली" म्हणतो आम्ही, आणि सगळा लॉट रिजेक्ट.

फेव्हिकॉल आणि फेव्हिक्विकमध्ये फरक काय?

फेव्हिकॉलमध्ये साखळ्या आधीच तयार असतात, पाण्यात तरंगत, पाणी उडालं की त्या चिकटून बसतात. फेव्हिक्विकमध्ये नुसते सुटे मोनोमर, हवेतल्या किंवा बोटावरच्या ओलाव्याने ते तिथल्या तिथे साखळी होतात, म्हणून बोटं आधी चिकटतात. थर्माकोलला फेव्हिक्विक लावू नका, भोक पडतं.

थर्माकोल एवढा हलका, मग एवढा वाईट का?

हलका आहे कारण त्यात ९५ टक्क्यांहून जास्त हवाच आहे. वाईट त्याचसाठी, ट्रकभर गोळा केला तरी हातात माल मूठभर, भंगारात कोणी भाव देत नाही, मग तो नाल्यात जातो आणि मण्यामण्यांनी सुटतो. महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने पिशव्यांसोबत यालाही लगाम लागला, गणपतीच्या मखरवाल्यांना तेव्हा जड गेलं, पण आता पुठ्ठ्याची मखरं किती सुंदर येतात. देशभर १ जुलै २०२२ पासून स्ट्रॉ, थर्माकोलची सजावट, प्लास्टिकचे चमचे वगैरे बंद आहेत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा गटारांच्या तोंडाशी काय अडकलं होतं ते ज्यांनी हाताने काढलं त्यांना विचारा.

आकडा पुसला गेला असेल तर प्लास्टिक कसं ओळखू?

पाण्यात टाका, साबणाचा एक थेंब घालून. तरंगलं तर पॉलिथिन किंवा पीपी, बुडालं तर पेट, पीव्हीसी, कडक पॉलिस्टायरिन (थर्माकोल नव्हे, तो तरंगतो), नायलॉन यातलं काहीतरी. नख ओढा, पॉलिथिनवर ओरखडा उठतो, पीपीवर सहसा नाही. टेबलावर आपटा, पॉलिस्टायरिन पत्र्यासारखं खणखणतं. धारावीच्या तेरा कंपाउंडमध्ये बसलेल्या बायका हे सगळं कुठल्याही मशीनशिवाय करतात, तुकडा उचलला, वाकवला, कानाजवळ टिचकी मारली आणि योग्य ढिगात टाकला. मी केमिस्ट्री शिकलेली, मला त्यांच्याएवढं झटपट जमत नाही.

कापडाच्या एका धाग्यासारखं हे मात्र जाळून बघू नका. पीव्हीसी जळताना हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ आणि डायॉक्सिन नावाची विषारी रसायनं सुटतात. तांब्यासाठी वायरी जाळतात तिथे उभं राहू नका, मुलांना तर अजिबात नेऊ नका. २०१६ च्या जानेवारीत देवनारचं डम्पिंग पेटलं होतं तेव्हाचा धूर उपग्रहातून दिसला होता.

"कम्पोस्टेबल" पिशवी कुंडीत पुरली तर खत होईल?

तिच्यात बहुतेक वेळा पीएलए असतं, म्हणजे मक्याच्या स्टार्चपासून केलेलं प्लास्टिक. तिला मोठ्या खतखड्यातली साठेक अंशांची ऊब लागते. कुंडीत वर्षभराने तशीच सापडेल, समुद्रातही फार काही होत नाही.

भंगारवाला काय घेतो, काय नाही?

पेट, एचडी, पीपी घेतो, स्वच्छ आणि सुटं असेल तर भावही बरा. चिप्सचं पाकीट घेत नाही कारण त्यात प्लास्टिकचे थर आणि मध्ये अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा, ते वेगळं करणं परवडत नाही. पेटमध्ये थोडं जरी पीव्हीसी मिसळलं तरी अख्खा लॉट पिवळा पडतो, आणि लेबल पीव्हीसीचं असू शकतं, म्हणून बाटलीवरचं लेबल काढून द्या, झाकण वेगळं द्या, झाकण पीपी किंवा एचडीचं असतं. आणि प्रत्येक वेळी वितळवलं की साखळ्या थोड्या आखूड होतात, त्यामुळे डब्याचा परत डबा होईलच असं नाही, कधी बादली होते, कधी कुंडी, कधी गटारावरचं झाकण.

दुधाची पिशवी मात्र सगळ्यात सोपी, एकाच जातीचं स्वच्छ पॉलिथिन, रिसायकल करणाऱ्याला हवीहवीशी. फक्त कोपरा कापून वेगळा पाडू नका, तो नखाएवढा तुकडा सिंकमधून जातो आणि कोणाच्याच हाती लागत नाही. कात्री अर्ध्यावर थांबवा, कोपरा पिशवीलाच लटकू द्या, दूध ओतून झालं की धुवून दांडीवर वाळत टाका.